गिअरबॉक्स खोललाच नव्हता

तुमच्या ऑटोमॅटिक ट्रकला ओव्हरड्राइव्ह लागेनासा झाला असेल आणि ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल’ असं कुणी सांगितलं असेल, तर होकार देण्याआधी हे वाचा. मी होकार दिला. तीन महिन्यांची कमाई त्यात गेली आणि दोष जिथल्या तिथेच राहिला.

माझा ट्रक हलक्या मालवाहतुकीचा, चार गिअरचा. तिसऱ्या गिअरला इंजिन जेवढं फिरतं तेवढाच मागचा शाफ्ट फिरतो. चौथा गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह. त्याचं गुणोत्तर साधारण 0.7, म्हणजे इंजिनाचे 70 फेरे झाले की शाफ्टचे 100 होतात. त्यामुळे सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरला आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा 1750 वर शांत बसायचा. एका सकाळी तो 2600 वर चढला आणि खाली येईचना. इंजिनाचा आवाज वाढला, डिझेल जास्त लागायला लागलं आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला.

वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा मी एक गोष्ट आवर्जून सांगितली होती. सकाळी ओव्हरड्राइव्ह अजिबात लागत नाही, पण माल भरून मोठा चढ चढला की पलीकडे गेल्यावर तो गिअर थोड्या वेळापुरता लागतो. मिस्त्री म्हणाला, “साहेब, गिअरबॉक्सच्या आतला क्लच शेवटच्या घटका मोजतोय, म्हणून मधेच पकडतो.” मला ते पटलं. झिजलेला क्लच सहसा नेमकं उलट वागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेल तापून पातळ झालं, दाब उतरला की तो जास्त घसरतो. माझा गिअर तर गरम झाल्यावर सुधारत होता.

त्यानं स्कॅनर लावला. कोड (ट्रकच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला दोषाचा नंबर) काय आला विचारलं तर “गिअरबॉक्सचाच आहे” एवढंच उत्तर मिळालं. नंबर मी विचारला नाही आणि त्यानंही सांगितला नाही. दिवा मात्र त्यानं तिथल्या तिथे घालवला.

मग माझ्यासमोर गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उतरवला. लाल तेल खाली भांड्यात पडलं. पॅनच्या तळाला चिकटलेलं चुंबक त्यानं बोटानं पुसलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. त्यावर काळपट राखाडी, काजळासारखा लगदा होता. “हा बघा तुमचा क्लच. सगळा चुरा झालाय.” तो लगदा बघूनच मी होकार दिला. डोळ्यांनी बघितलं होतं ना!

म्हणून त्या लगद्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ते चुंबक त्यासाठीच बसवलेलं असतं. गिअर आणि क्लचच्या रोजच्या झिजेतून लोखंडाचे अगदी बारीक कण तेलात येतात आणि चुंबक ते धरून ठेवतं. बोटांत चोळल्यावर मऊ लागणारा लगदा चांगल्या चालणाऱ्या गिअरबॉक्समध्येही निघतो. खरी भीती कशाची, तर नखाला लागतील अशा धातूच्या कपच्या, तुकडे, पितळेचे चमकणारे कण किंवा क्लचच्या अस्तराचा खरखरीत काळा चुरा यांची. माझ्या पॅनमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. क्लच जळला असता तर तेल तपकिरी-काळं झालं असतं आणि जळका वास नाकात गेला असता. माझं तेल लाल होतं, हे मी तिथे उभा राहून बघितलं होतं. पण त्याचा अर्थ मला कळत नव्हता.

जुने पार्ट परत मागावेत, हे मात्र मला माहीत होतं. मी मागितले. आठ दिवसांनी ट्रक घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी काळ्या पडलेल्या क्लच प्लेटांचं पोतं काढून दिलं. ट्रक आवारात उभ्या उभ्या चालू होता, बराच वेळ चालू असावा. आम्ही एक फेरी मारली. ओव्हरड्राइव्ह लागला, काटा 1750 वर आला. मी पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा पुन्हा 2600 वर होता. फोन केला तर म्हणाले, आता कॉम्प्युटर बदलावा लागेल. आठवड्याभरात चेक इंजिनचा दिवाही परत लागला.

तेव्हा मी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. या माणसानं ट्रकला हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. सकाळी लागत नाही की दिवसभर? आरपीएम वाढतो तसा वेगही वाढतो, की काटा चढतो आणि ट्रक तिथेच? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. क्लच घसरत असेल तर काटा पळतो आणि वेग मागे राहतो. माझ्याकडे दोन्ही बरोबरीनं वाढत होते. म्हणजे घसरण नव्हतीच, गिअर तिसऱ्यात पक्का बसून चौथ्यात जातच नव्हता. मग त्यानं हिशेब मांडला. 1750 ला 0.7 ने भागलं की 2500 येतात. वरचे शंभर टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप सुटल्याचे. (टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देतो. लॉकअप लागलं की ती जोडणी पक्की होते, सुटलं की थोडी घसरते.) नुसतं लॉकअप सुटलं असतं तर दोन-तीनशेच वाढले असते, साडेआठशे नाही. हा हिशेब ट्रकमध्ये बसल्या बसल्या कुणालाही करता येतो आणि तो मला आधी कुणी सांगितला नाही याचं अजून वाईट वाटतं.

स्कॅनरवर कोड आला पी-0128. त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि समजावलं की गिअरबॉक्सच्या कोडमध्ये शून्यानंतर सहसा 7 असतो, जसा पी-0741 लॉकअपचा. 0128 चा अर्थ कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी, पुरेसं गरम होत नाही, बहुतेक थर्मोस्टॅट (ते पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडाच अडकलाय. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअप मुद्दाम देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. ही व्यवस्था बऱ्याच गाड्यांत असते, तापमानाचा आकडा तेवढा गाडीगणिक बदलतो.

आम्ही रस्त्यावर निघालो. कूलंट 52 अंशांवर होतं आणि वारा लागला की आणखी उतरत होतं. मग त्यानं ट्रक बाजूला घेतला, रेडिएटरच्या अर्ध्या भागापुढे पुठ्ठा लावला आणि पुन्हा निघालो. (हे फक्त तपासणीपुरतं करायचं आणि आकड्यावरून नजर हलवायची नाही, नाहीतर इंजिन तापून वेगळंच संकट ओढवेल.) 58, 61, 64. पासष्टच्या आसपास ट्रकनं हलका श्वास सोडावा तसं झालं आणि काटा खाली आला. थोड्या वेळानं लॉकअप लागलं तसा आणखी थोडा उतरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. चढावर गिअर का लागायचा आणि आवारात उभ्या ट्रकला तो कसा लागला, हे त्या एका फेरीत कळलं. उभ्या ट्रकच्या रेडिएटरला वारा लागत नाही, मग इंजिन तापतं.

थर्मोस्टॅट काढला. थंड असताना त्याची झडप घट्ट मिटलेली हवी. उजेडासमोर धरला तर फटीतून पलीकडचं दिसत होतं. नवा बसवायला तासभर लागला. त्या दिवसापासून ओव्हरड्राइव्ह एकदाही चुकला नाही.

ट्रक वर चढवलेला असतानाच त्यानं मला खाली बोलावलं. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे बोल्ट टॉर्चनं दाखवले. त्यांच्या डोक्यांवर कित्येक वर्षांचा चिखल आणि तेलाचा थर सलग बसला होता. पाना लागल्याची एक खूण नाही. गिअरबॉक्सखालच्या आडव्या आधाराच्या बोल्टांवरचा गंजही तसाच होता. गिअरबॉक्स कधी उतरवलाच नव्हता! फक्त तेल, फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट नवं होतं. पोत्यातल्या प्लेटा बाहेर काढून एकमेकींवर ठेवल्या, तर चार वेगवेगळ्या गाड्यांच्या निघाल्या. ज्या पोत्याच्या भरवशावर मी पैसे मोजले, त्यात माझा एकही पार्ट नव्हता.

या मिस्त्रीनं सांगितलेली बाकीची कारणंही लिहितो, कारण तुमचा दोष वेगळा असू शकतो. गिअर लिव्हरवरच्या ओव्हरड्राइव्हच्या बटणाची वायर सतत वाकून तुटते. ब्रेकच्या दिव्याचा स्विच अडकला तर कॉम्प्युटरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे आणि लॉकअप सुटतं. अॅक्सिलरेटरचा सेन्सर खराब झाला की गिअर सारखा वर-खाली करतो. अल्टरनेटरचा डायोड गेल्यावर विजेत येणाऱ्या गडबडीनंही काही ट्रकमध्ये लॉकअप लागतं-सुटतं. यातल्या कशालाही गिअरबॉक्स खोलावा लागत नाही. गिअरबॉक्स खरोखर निकामी होतातच, मी ते नाकारत नाही. पण तिथपर्यंत जायच्या आधी या सगळ्या गोष्टी बघून होतात.

बोल्टांचे फोटो घेऊन मी पहिल्या वर्कशॉपमध्ये गेलो. मालक म्हणाला, आम्ही खालूनच काम केलं. क्लच प्लेटा पॅनच्या तोंडातून बदलता येत नाहीत, हे मी त्याला तिथेच सांगितलं. त्यानं बिल पुढे केलं. त्यावर एकच ओळ होती, ‘गिअरबॉक्स काम’. कोणते पार्ट, किती, कोणत्या नंबरचे, काहीच नाही. पैसे घेताना ती ओळ मी वाचलीही नव्हती. ग्राहक म्हणून तक्रार दिली आहे, त्याला फोटो, स्कॅनरवरचा कोड आणि दुसऱ्या मिस्त्रीचं सहीचं पत्र जोडलं आहे. तक्रार घेणारे म्हणतात, कोणता पार्ट बदलला नाही ते दाखवा, आणि बिलात पार्टच लिहिलेले नाहीत. सध्या प्रकरण तिथे अडलं आहे. प्लेटांचं पोतं मी टाकलेलं नाही.