रनिंग अकॅडमी, सातारा: ट्रेनिंगला ४ स्टार, बाकी सगळ्याला १

लेक १५ वर्षांची, ८०० मीटर पळते, दीड वर्ष इथं होती. अकॅडमीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं तर एका मुलीची ओळख पटेल.

चांगलं आधी सांगते. ट्रेनिंग खरंच भारी. पहाटे साडेपाचला शिट्टी म्हणजे शिट्टी, रविवारी यवतेश्वरच्या घाटात चढाचं रनिंग, पोरीचं टायमिंग २:४१ वरनं २:२९ वर आलं. आपल्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकला फायनल पळाली तेव्हापासनं इकडं प्रत्येक आईबापाला वाटतं आपली पण पळेल, त्यामुळं फीचं काही वाटत नाही.

आता दुसरी बाजू. मुलींचा ग्रुप ज्या असिस्टंट सरांकडं आहे त्यांच्याच हातात सगळं, स्पर्धेला एन्ट्री कुणाची जाणार, हॉस्टेलला खाट कुणाला, कुणी काय खायचं, पाय दुखत असला तरी पळायचं का नाही. वजन पण तेच करणार, सगळ्यांसमोर. एकदा रात्री साडेदहाला पोरीच्या फोनवर मेसेज, "झोपलीस का?" मी म्हटलं सर, मेसेज पालकांच्या ग्रुपवर टाकत जा, तर पुढचे चार दिवस पोरीला इंटर्व्हल रनिंगच्या वेळी कडेला बसवलं. आम्ही पण गप्प बसलो, खोटं कशाला बोलू, समोर जिल्ह्याची ट्रायल होती.

मग कळलं की हॉस्टेलच्या एका १९ वर्षांच्या मुलीबरोबर त्यांचं जमलंय. संचालकांना भेटले तर म्हणे, "ताई, दोघं सज्ञान आहेत, तिची संमती आहे, आपण कशाला मधी पडायचं?" अहो पण तिनं नाही म्हटलं असतं तर तिची एन्ट्री गेली असती का, खाट राहिली असती का, हे तिला विचारलं का कुणी? ज्याच्या एका शब्दावर तिची चार वर्षांची मेहनत लटकलेली त्याला ती नाही कशी म्हणणार? (१८ च्या खाली तर संमती धरतच नाहीत, सरळ पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा.) शेवटी ती मुलगी पळणं सोडून गावी गेली आणि सर अजून शिट्टी वाजवतायत.

तक्रारीला कमिटी आहे का विचारलं तर म्हणे ते ऑफिसांसाठी असतं, आम्ही चारच जण. चूक आहे हे. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, स्टेडियम सगळं धरलंय, आणि १० पेक्षा कमी माणसं असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथं तक्रार करता येते. २०२२ ला स्लोव्हेनियाच्या कॅम्पमधनं एका सायकलपटूनं कोचची तक्रार केली, त्यानंतर साईनं (भारतीय क्रीडा प्राधिकरण) मुली असतील तर टीमबरोबर महिला कोच पाहिजेच असा नियम काढला. इथं बाहेरगावच्या स्पर्धेला १४ पोरी आणि दोन सर.

आता दुसरीकडं घातलंय. ट्रॅक खडबडीत, टायमिंग २:३३ वर अडकलंय, पण मॅडम आहेत आणि मसाज फिजिओकडंच, दार उघडं ठेवून.

जुन्या ठिकाणी डिपॉझिटचे ३ हजार परत मागितले तर "पुढच्या महिन्यात या" म्हणतात. हा तिसरा महिना.