थंडीत काडतुसं वापरणार असाल तर आधी हे वाचा

पॉइंट टू टू (.22) रायफलच्या काडतुसांची 50 राउंडची स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साध्या वेगाची) टार्गेट पेटी घेतली, पेटीवर गोळीचा वेग 327 मीटर प्रति सेकंद छापलाय. साधारण 25 डिग्रीत क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) सरासरी 325 आली, म्हटलं वा, खरं बोलतायत. मग तीच काडतुसं रात्रभर गाडीत राहिली आणि सकाळी 2 डिग्रीत मारली तर डायरेक्ट 314! झीरोला (साइटच्या सेटिंगला) हात लावला नव्हता तरी 50 मीटरवर अख्खा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) सेंटिमीटरभर खाली. ऐकायला काही वाटत नाही, पण टार्गेटवरची दहा गुणांची रिंगच 10.4 मिलिमीटरची असते राव, सगळे दहा नऊ होऊन बसतात.

यात पेटीचा दोष म्हणता येत नाही, गार पावडर हळू जळते, प्रेशर कमी पडतं, वर हवा पण दाट होते. पण छापलेला आकडा किती टेंपरेचरचा ते कुठेच लिहिलेलं नाही, याचा मला राग आहे. एक स्टार त्याचाच कापला.

गोळीवरचं मेण पण थंडीत कडक होतं, ट्रेमध्ये पांढरा भुगा पडला होता आणि ग्रुप पण जरा फाटला. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच थंडीत काडतुसं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली, एकेक काढून लगेच मारली तर 322 आली. चेंबरमध्ये भरून नेम धरत बसलात तर मात्र गार बॅरल ती ऊब खाऊन टाकते.

दोन राउंड पेटलेच नाहीत, मी लगेच कंपनीला शिव्या घातल्या. मग बोल्ट (रायफलची मागची खीळ) उघडला तर फायरिंग पिनवर (ठोका मारून काडतूस पेटवणारी पिन) मीच चोपडलेलं तेल गोठून चिकट झालेलं, पिन काडतुसाच्या रिमवर (मागच्या कडेवर) नुसती टेकत होती. पुसून कोरडी केली, पुढे सगळे राउंड पेटले. (राउंड पेटला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.)

बायॅथलॉनवाले (बर्फावर स्कीइंग आणि मध्ये मध्ये नेमबाजी करणारे) उणे 20 पर्यंत हेच कॅलिबर मारतात, आणि ते पण धापा टाकत, तेव्हा थंडी पडली म्हणून पेटी टाकून देऊ नका. थंडीचा झीरो वेगळा काढून वहीत लिहून ठेवा. मी दुसरी पेटी मागवलीय. 4/5.