स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन कोश : भूतकाळ पक्का करायचा असेल तर हाच उघडा

कोथरूडला मी घरी स्पॅनिशच्या शिकवण्या घेते. वर्तमानकाळात छान रुळलेली मुलं भूतकाळात हमखास एका जागी अडतात. ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणं. ‘मी झोपतो’ला ‘दुएर्मो’, म्हणून ‘मी झोपलो’ला मुलं ‘दुएर्मी’ म्हणतात. हवं असतं ‘दोर्मी’. ते पाठ झालं की ‘तो झोपला’लाही ‘दोर्मिओ’ म्हणतात, आणि तिथे नेमकं ‘दुर्मिओ’ लागतं.

अशा वेळी मी रेआल अकादेमिया एस्पान्योलाचा कोश उघडायला सांगते. माद्रिदची ही संस्था १७१३ सालची. कोश फुकट आहे, नाव नोंदवावं लागत नाही. क्रियापद शोधलं की अर्थासोबत सगळी रूपं चालवलेला तक्ता मिळतो. दोर्मी, दोर्मिस्ते, दुर्मिओ, दोर्मिमोस, दोर्मिस्तेइस, दुर्मिएरोन : बदल फक्त तृतीय पुरुषात, हे एका नजरेत कळतं. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ‘उस्तेद’ची, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ची, ओळ वेगळी दिली आहे. आपली मुलं ‘तुम्ही’ला द्वितीय पुरुषाचं रूप लावतात, तक्त्यात ‘उस्तेद’समोर ‘दुर्मिओ’ बघितलं की शंका उरत नाही.

दुसरी मोठी सोय म्हणजे ‘सेर्वीर’च्या नोंदीत ‘पेदीरप्रमाणे चालवा’ अशा अर्थाची खूण आहे. एक ‘पेदीर’ (पिदिओ, पिदिएरोन) घोटलं की सिर्विओ, रेपितिओ आपोआप येतात.

नियम समजावणं मात्र कोशाचं काम नाही, तो शिक्षकानेच सांगायचा. ‘दुएर्मो’मध्ये आघात, म्हणजे उच्चारातला जोर, धातूवर येतो म्हणून ‘ओ’चा ‘उए’ होतो. भूतकाळात आघात प्रत्ययावर सरकतो, त्यामुळे ‘उए’ला जागाच राहत नाही. याचा पुरावा तक्त्यातच आहे. अर्जेंटिनातल्या ‘वोस’चं (म्हणजे ‘तू’चं) वर्तमानकाळी रूप ‘दोर्मीस’, आघात शेवटी, धातू जसाच्या तसा! म्हणूनच पेन्सार, वोल्वेर यांसारखी ‘आर’ आणि ‘एर’वाली क्रियापदं वर्तमानात बदलली तरी साध्या भूतकाळात पेन्सो, वोल्विओ अशी सरळ चालतात. तृतीय पुरुषातला तो ‘ओ’चा ‘उ’ किंवा ‘ए’चा ‘इ’ फक्त ‘ईर’वाल्यांत होतो.

सगळा मजकूर, काळांची नावंसुद्धा, स्पॅनिशमध्येच आहे. अगदी नवख्याने थोडं थांबावं. वर्तमानकाळ झालेल्याला काहीच अडचण नाही. शब्द पाठ करण्याच्या रंगीत ॲप्सपेक्षा मी यालाच जास्त गुण देईन, कारण इथे क्रियापद तुकड्यातुकड्याने नाही, अख्खं भेटतं.

एक लक्षात ठेवा. ‘रेईर’ म्हणजे हसणं, त्याचं ‘तो हसला’ हे रूप इथे ‘ओ’वरच्या तिरक्या रेघेशिवाय दिसेल. २०१० च्या शुद्धलेखन नियमांनी ती रेघ काढली. जुन्या पुस्तकांत ती सापडते. परीक्षेत कोशातलंच रूप लिहा.