हिल मॅरेथॉनच्या बॅचचा काही महिन्यांचा अनुभव: उताराचं कोण बघणार?

अनामतीचे 2,000 रुपये परत मिळाले नाहीत, म्हणून आज लिहायला बसले. पण तक्रार फक्त पैशांची नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी पुढच्या बॅचला नाव घालणाऱ्यांनी ती नीट वाचावी.

या शर्यतीचा सराव करून घेणाऱ्या ग्रुपचं नाव देत नाही. पद्धत तुम्हाला माहीत आहे: पहाटे पाचला हजेरी, मंगळवारी अजिंक्यताऱ्याचा रस्ता, गुरुवारी मैदानावर वेगाचा सराव, रविवारी समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाट. फी 6,000. अनामत वेगळी, हजेरी भरली तर परत.

सुरुवातीला ही फी मला जड वाटली. रस्ता सरकारी, पाय आपले, मग एवढे पैसे कशाचे? जुलै लागला आणि मत बदललं. पहाटे पत्र्यावर पाऊस कोसळत असायचा, बूट आदल्या रात्री वर्तमानपत्र कोंबूनही ओलेच असायचे. तरी कोपऱ्यावर साठीच्या एक काकू छत्री घेऊन थांबलेल्या असायच्या, म्हणून उठावंच लागायचं. घाटात धुकं इतकं, की पुढच्याचं चमकणारं जॅकेट तेवढं दिसे. सर ते जॅकेट घातल्याशिवाय कुणाला घाटात सोडत नसत, आणि शेवटच्या माणसाबरोबर एक जण कायम ठेवत. एकटीने मी हे कधीच केलं नसतं. फी वसूल झाली, हे मोकळेपणाने सांगते.

आता उतार. ही शर्यत 21.1 किलोमीटरची. गावातून निघून घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचं. म्हणजे जेवढा चढ तेवढाच उतार. आणि सराव कशाचा? फक्त चढाचा! वर पोचलं की गाडी उभी असायची. सगळे आत बसायचे, खाली मैदानावर उतरून स्ट्रेचिंग. मी विचारलं तर सर म्हणाले, "ताई, उतारावर गुडघे जातात. चढ आपला, उतार गाडीचा." रविवारी कासला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी वाढते, हेही त्यांनी सांगितलं. गर्दीचं मला पटलं. गुडघ्यांचं अजिबात पटलं नाही.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. चढताना तो आखडत जोर लावतो, उतरताना ताणला जात असताना जोर लावतो. या ताणाची सवय नसेल तर स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. ऑगस्टमध्ये मी आणि दोघी मैत्रिणी पहिल्यांदा घाट पायी उतरलो, तेव्हा मंगळवारी घरचा जिना कठडा धरून उतरावा लागला. पण याच स्नायूंची खुबी अशी, की एकदा असा ताण सोसला की पुढचे काही आठवडे तोच ताण कमी बाधतो. आमचा पुढचा उतार खरंच हलका गेला. शर्यतीआधी दोन-तीनदा उतरायला लावलं असतं तर सगळ्या बॅचचं भलं झालं असतं.

सर दर गुरुवारी ललिता बाबरचं उदाहरण देत. बरोबरच आहे, माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, याचा आपल्या जिल्ह्यात कुणाला अभिमान नाही? पण त्या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्यावरच्या उड्या असतात. दर वेळी वरून खाली येऊन पाय टेकवायचा आणि लगेच पळायचं. पाय टेकवण्याची तयारी केल्याशिवाय ती शर्यत पुरी होत नाही. हे मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

मग अनामत. आम्ही तिघी पायी उतरायचो, त्यामुळे मैदानावर पोचेपर्यंत स्ट्रेचिंग संपलेलं असायचं. ते रविवार आमच्या नावावर गैरहजर म्हणून लागले! घाट चढून उतरून आलेली बाई गैरहजर, आणि गाडीतून आलेली हजर. मी मोबाइलवरचा धावण्याचा नकाशा दाखवला. "नियम सगळ्यांना सारखा," एवढंच उत्तर मिळालं. 2,000 रुपये माझ्यासाठी थोडे नाहीत. त्यात निम्मे बूट येतात.

शर्यतीच्या दिवशी वर जाईपर्यंत आमची बॅच छान होती. परतीला मात्र वळणावळणावर आमच्याच रंगाचे टीशर्ट कडेला चालताना दिसत होते. एक दादा कठड्याला टेकून मांडी चोळत होते, पायात गोळा आलेला. चढाला ते माझ्या कितीतरी पुढे होते. त्यांच्या मेहनतीचं फार वाईट वाटलं.

उतारावर लांब ढांगा टाकू नका. पावलं छोटी आणि भराभर, टाच पुढे रोवून अंग मागे टाकायचं नाही, पाऊल शरीराच्या खालीच पडू द्यायचं. शेवाळलेली कड टाळा. पहिल्यांदा अर्धाच घाट उतरा, आणि शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात नवा उतार नको.

पाचपैकी साडेतीन गुण देते, ते सगळे शिस्त आणि सोबतीचे. नाव नोंदवायच्या आधी दोन गोष्टी विचारा: रविवारी खाली कसं यायचं, आणि पायी आलं तर हजेरी लागते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.