वाळवंटात ट्रेकला जाताय आणि सामान भाड्याने घेताय? आधी डिपॉझिटचं बघा

थरच्या वाळवंटात चालायचा सीझन साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे दिवाळी संपली की टेंट, सॅक, स्लीपिंग बॅग भाड्याने कुठे मिळेल याची शोधाशोध सुरू होते. त्यात एक प्रकार चाललाय तो सांगते. आम्हाला पुण्यात भेटला, नंतर कळलं की ठाण्यातल्या एका ग्रुपलाही तोच अनुभव आलाय. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण तक्रार चालू आहे.

आमचा चौघांचा प्लॅन जैसलमेरच्या खुरी साइडला चालायचा होता, समला नाही, कारण सम म्हणजे रात्री कॅम्पवर नाचगाणी आणि लाउडस्पीकर, त्यासाठी एवढ्या लांब कोण जाईल. सामान पुण्यातूनच न्यायचं ठरलं. एका दुकानाचे रेट फारच कमी होते, टेंट 250 रुपये दिवसाला, स्लीपिंग बॅग 80, मॅट फुकट. डिपॉझिट मात्र टेंटला 4,000 आणि बॅगला 1,500, म्हणजे दोन टेंट, चार बॅगा मिळून 14,000. वर पैसे कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर यूपीआय करायचे. एवढं स्वस्त भाडं आणि एवढं जड डिपॉझिट का, ते परत आल्यावर कळतं! भाडं हे नुसतं निमित्त आहे, त्यांची खरी कमाई डिपॉझिटमधून कापण्यात आहे.

सामान द्यायची वेळ रात्रीची, दुकान बंद व्हायच्या टायमाला. सगळं आधीच पिशव्यांत भरून ठेवलेलं. उघडून बघते म्हटलं तर "अहो ताई, सकाळीच चेक केलंय, शटर ओढतोय आता" आणि हातात एक चिठ्ठी, २ टेंट ४ बॅग ओके, खाली सही करा. हा ओके शब्द लक्षात ठेवा, पुढे तोच आमच्यावर उलटवला.

नशीब म्हणजे माझ्या मैत्रिणीला कुठलंही सामान न्यायच्या आधी घरी उघडून बघायची सवय. तिने त्याच रात्री गच्चीवर दोन्ही टेंट लावले आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला. एका टेंटच्या दाराची झिप अर्ध्यावर अडकत होती, म्हणजे स्लायडर पुढे सरकतो पण मागचे दात परत उघडे पडतात, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. तिने तो लगेच दुकानदाराला पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

स्लीपिंग बॅगेची वेगळीच गंमत. बाहेर मोठ्ठा टॅग, मायनस 5. आतलं कंपनीचं लेबल कापलेलं, नुसती शिवण राहिलेली, आणि तो मायनसवाला टॅग दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेला. चांगल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात, आपल्या कामाचा कम्फर्टचा, एक्स्ट्रीम म्हणजे माणूस कसाबसा जगेल इतकंच. बरेच जण एक्स्ट्रीमचाच आकडा ओरडून सांगतात, इथे तर कुठलाच खरा नव्हता. डिसेंबर-जानेवारीत थरमध्ये दुपारी टीशर्टवर फिरता येतं आणि पहाटे पारा पाच-सात डिग्रीपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. आम्ही वाचलो ते उंटवाल्या काकांच्या जाडजूड रजयांमुळे.

परत आल्यावर सामान झटकून, उन्हात टाकून, घडी घालून दिलं. डिपॉझिट दोन दिवसांत टाकतो म्हणाला. मग व्हॉट्सॲपवर फोटो आणि हिशोब: वाळू जाऊन दोन्ही टेंटच्या झिपा गेल्या 3,000, एक टेंट फाटला 3,500, चार बॅगांचं ड्रायक्लीन 2,400. झाले 8,900, उरलेले 5,100 घ्या. आणि "तुम्हीच ओके लिहून सही केलीय ना". आता वाळूने झिपेचे स्लायडर झिजतात हे खरंच आहे, म्हणूनच तर बहाणा इतका फिट बसतो. वाळवंटातून आलेल्या सामानात वाळू सापडणारच, मग झिप आधीपासून बिघडलेली होती हे तुम्ही कसं सिद्ध करणार?

पण तो फाटक्या टेंटचा फोटो झूम करून बघितला तर खुंटी अडकवायच्या पट्ट्यांना लाल चिखल लागलेला, चांगला ओला, आणि कडेला एक हिरवं गवताचं पातं. थरमध्ये? लाल चिखल? तिथलं गवत म्हणजे भुरट, त्याचे बारीक काटेरी गोळे सॉक्समधून अजून निघतायत आमच्या. हा फोटो उघड उघड पावसाळ्यातला, सह्याद्रीतला होता. मी तो ट्रेकच्या एका ग्रुपवर टाकला तर ठाण्याच्या एकाने त्याच्याकडे आलेला फोटो टाकला. तीच फाटलेली जागा, तोच चिखल, तेच पातं! त्याचे त्या एका फोटोवर 3,000 कापलेले, आमच्या वेळेला रेट वाढला होता बहुतेक. दुकान वेगळं, नंबर वेगळा, म्हणजे हे फोटो आपसात फिरतात की मालकच एक आहे, देव जाणे.

दोन्ही फोटो आणि गच्चीवरचा व्हिडिओ त्याला पाठवला आणि 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतेय म्हणून कळवलं. तासाभरात 5,100 आणि फाटल्याचे 3,500 आले, वर "गैरसमज झाला ताई". झिपा आणि ड्रायक्लीनचे 5,400 अजून अडकलेत. तक्रार नोंदवली आहे, नाही सुटलं तर ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.

आता माझं मत विचाराल तर बूट, सॉक्स, हेडलॅम्प, पाण्याच्या बाटल्या विकतच घ्या, डेकॅथलॉन किंवा कुठल्याही धड दुकानातून, बिलासकट. नवे बूट निघायच्या बऱ्याच आधी घालायला काढा. हवेची मॅट नको, बोरडीच्या काट्याने पहिल्याच रात्री बसते, साधी फोमची घ्या. उंटवाला बरोबर असेल तर रजई तिथेच मिळते, भाड्याची बॅग लागतही नाही. टेंट नेलाच तर बारीक तारेच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, कापडी पिशवीत वाळू भरून दोरी बांधून पुरायची. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरा, म्हणजे तेवढे किलो, ते उंटावर जाणार की पाठीवर हे ठरवूनच सॅकची साइज बघा.

भाड्यानेच घ्यायचं असेल तर ओळखीच्या ट्रेकिंग संस्थेत आधी विचारा. दुकानातून घेतलं तर दिवसा जा, टेंट तिथेच उभा करायला लावा, दुकानदार फ्रेममध्ये येईल असा व्हिडिओ काढा, आणि चिठ्ठीवर ओके न लिहिता काय काय बिघडलंय ते लिहून त्याची सही घ्या. आणि डिपॉझिट परत पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही. त्यात पैसे गेलेच तर लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लाल चिखल आणि हिरव्या पात्याचा फोटो अजून कुणाला आला असेल तर प्लीज मला पाठवा, कापलेल्या रकमेसकट, तक्रारीला जोडायचाय.