बोटाचं मशीन की चेहऱ्याचं? काजूच्या कारखान्यातून एक मत

आजऱ्याच्या एका स्नेह्यांचा परवा फोन आला. "हजेरीला बोटाचं मशीन घेऊ की चेहऱ्याचं? तुम्ही दोन्ही वापरलीयत." मी पटकन "चेहऱ्याचं बघा" म्हणून मोकळा झालो आणि मग अर्धा तास त्याला पुस्त्या जोडत बसलो. त्या पुस्त्याच इथे नीट लिहून काढतोय. मेगापिक्सेल आणि मेमरीचे आकडे विक्रेत्याच्या कागदावर मिळतील, ते इथे नाहीत.

माझा कारखाना कुडाळ तालुक्यात आहे, छोटाच. ३८ बायका आणि बॉयलर-ड्रायरवर पाच पुरुष. कटिंग आणि सालं काढणं किलोवर, ग्रेडिंग-पॅकिंग रोजावर. किलोवर मजुरी असली तरी पीएफ, बोनस, सुट्ट्या या सगळ्यासाठी हजेरी लागतेच, आणि वही ठेवली की महिनाअखेरीला वाद ठरलेला. म्हणून आधी बोटाचं मशीन घेतलं.

बोटाच्या मशीनबद्दल वाईट बोलायला मला जड जातं, कारण ऑफिसमध्ये तेच मशीन आजही नीट चालतं. स्वस्त, भिंतीवर हातभर जागेत मावणारं, आणि बिघडलं तर तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा सापडतो. तुमच्याकडे बसून काम करणारी वीस माणसं असतील तर हा लेख इथेच सोडून खुशाल तेच घ्या.

अडचण आमच्या मालात आहे. काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असतं, हे मला फार उशिरा कळलं. बायकांना मात्र त्याचे परिणाम लहानपणापासून माहीत. त्या हाताला तेल चोळतात, राख लावतात. हातमोजे मी देतो, पण मोज्यातून गर अख्खा निघाल्याचं बोटाला कळत नाही आणि तुकडा झाला की भाव पडतो. मग तासाभरात मोजे बाजूला. महिन्या-दोन महिन्यांत बोटांची वरची कातडी सोलून निघते आणि रेषा सपाट होतात. मशीन बघतं काय, तर रेषा कुठे संपते आणि कुठे दोन फाटे फुटतात. रेषाच पुसट झाल्यावर ते तरी काय जुळवणार?

आता ज्या एका गोष्टीने माझा निकाल लावला ती सांगतो: "प्लीज ट्राय अगेन."

मशीनमधली ती बाई हे वाक्य इतक्या गोड आवाजात म्हणायची की पहिल्या आठवड्यात हसू यायचं. सकाळी आठला रांग लागायची. एक काकी बोट ठेवायच्या, प्लीज ट्राय अगेन. पदराला पुसून पुन्हा, प्लीज ट्राय अगेन. तोंडाची वाफ देऊन पुन्हा. मागून कुणीतरी म्हणायचं, "भाऊ, मशीन बोट घेणा नाय, वहीत लिवा." पावसाळ्यात हात ओले म्हणून घ्यायचं नाही, थंडीत कोरडे म्हणून नाही. कामावर येणाऱ्या आईबरोबर आलेली पोरं अंगणात एकमेकांच्या कपाळावर बोट ठेवून तेच वाक्य म्हणत खेळायची. तीस वर्षं बी फोडणाऱ्या बाईला रोज सकाळी एका डबीने "तू ती नव्हेस" म्हणून परत पाठवायचं, हे मला हळूहळू बघवेना.

मी माणूस बोलावला. त्याने दोन मिनिटांत "सेटिंग जरा खाली घेतो" म्हणून काहीतरी दाबलं आणि रांग पळायला लागली. महिनाभर आम्ही खूश. मग एका सकाळी ग्रेडिंगच्या वहिनींनी बोट ठेवलं, मशीन "थँक यू" म्हणालं आणि पडद्यावर नाव आलं भलत्याच बाईचं, जी त्या दिवशी लग्नाला गेली होती.

तेव्हा मी जरा खोलात शिरलो. जुळणी किती टक्के झाली की "हो" म्हणायचं याची एक रेघ मशीनमध्ये ठरवलेली असते. ती वर नेली की खऱ्या माणसाला नकार जास्त, खाली आणली की खोट्याला होकार जास्त. एकच दांडी, दोन टोकं. त्यात नुसतं बोट ठेवून ओळख करून घेतो तेव्हा मशीन ते बोट आत साठवलेल्या सगळ्यांशी ताडून बघतं. माणसं जितकी जास्त तितक्या चुकायच्या संधी जास्त. आधी आपला नंबर दाबून मग बोट ठेवलं तर मशीन एकाच नावाशी ताडतं आणि घोळ बराच कमी होतो. हे मला विकताना कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या एक-दोन काकींना आकडे दाबायची सवय नव्हती, पण ती लागली असती.

सेटिंग परत वर नेलं. मग उरला सुपरवायझरचा पासवर्ड. बोट नाही लागलं की त्याने हाताने हजेरी घालायची. पुढच्या महिन्याचा तक्ता काढला तर जवळजवळ पाव नोंदी हाताने घातलेल्या! म्हणजे पैसे मोजून आणलेलं मशीन भिंतीवर आणि हजेरी पुन्हा माणसाच्या मर्जीवर. आमचा सुपरवायझर सरळ आहे म्हणून निभावलं. बनावट बोटांच्या बातम्या वाचून आपण घाबरतो, पण माझ्या कारखान्यात चोरीला वाव होता तो या बटणापाशी, आणि ते बटण मशीनच्या नकारानेच उघडं ठेवलं होतं.

बनावट बोटाचा मुद्दा खोटा मात्र नाही. २००२ मध्ये जपानच्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनची, म्हणजे जेलीत वापरतात त्याच पदार्थाची बोटं करून अकरा प्रकारची मशीनं फसवून दाखवली. २०१३ मध्ये बोटाने उघडणारा आयफोन बाजारात आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या गटाने काचेवरच्या ठशाचा फोटो घेऊन तो उघडला. आपल्याकडे जमिनीच्या दस्तांवरच्या अंगठ्यांवरून ठसे बनवून आधारच्या मार्गाने बँकेतले पैसे काढल्याची प्रकरणं वेगवेगळ्या राज्यांत पोलिसांपर्यंत गेली. त्यानंतर २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की साच्यातलं हे तपासणारी जादा चाळणी लावली. हजेरीच्या स्वस्त मशीनमध्ये अशी चाळणी असेलच असं धरू नका. विक्रेत्याला विचारा, आणि त्याने "हो" म्हटलं तर समोर करून दाखवायला सांगा.

बोटाचंच घ्यायचं ठरलं असेल तर एवढं करा. प्रत्येकाची दोन्ही हातांची मिळून तीन-चार बोटं नोंदवा. उजव्या अंगठ्याच्या मागे लागू नका, कटिंगमध्ये सगळ्यात आधी तोच जातो. ज्या हाताने बी धरत नाहीत त्याची अनामिका आमच्याकडे सगळ्यात टिकाऊ निघाली. नोंदणी सुट्टीनंतरच्या सकाळी करा, तेव्हा कातडी जरा सावरलेली असते. वरच्या थराखालची रेष वाचणारे सेन्सरही मिळतात. मी त्यातला एक एका परिचितांकडे बघितला, छान चालत होता, पण किंमत ऐकून चहा घेऊन परत आलो.

चेहऱ्याचं मशीन आलं तेव्हा तेही काही पहिल्या दिवशी शहाणं नव्हतं. दार पूर्वेला, सकाळी आठचं ऊन थेट भिंगात. पहिले चार दिवस ते कुणालाच ओळखेना. भिंत बदलून वजनकाट्याजवळ आत नेलं आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली. उंचीचंही बघा. बसवणाऱ्याने स्वतःच्या उंचीवर ठोकलं होतं आणि आमच्या बुटक्या मावशी टाचा वर करून चेहरा दाखवत होत्या. पॅकिंगमध्ये टोपी आणि मास्क असतो, तेव्हा हजेरी मास्क घालण्याआधी, हा नियम करावा लागला. दोन सख्ख्या बहिणी आहेत, त्यांच्यात एकदा गफलत झाली. दोघींची नोंदणी चांगल्या उजेडात पुन्हा केली, रेघ थोडी वर नेली, त्यानंतर झालेली नाही. जुळ्या असत्या तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

फोटो दाखवून फसतं का, हे मात्र घेण्याआधी स्वतः तपासा. मी दोन मशीनं मागवून बघितली. एकासमोर मोबाइलवर माझाच फोटो धरला तर ते आनंदाने "थँक यू" म्हणालं. ते त्याच संध्याकाळी परत गेलं. दुसऱ्यात साध्या कॅमेऱ्याच्या जोडीला इन्फ्रारेड कॅमेरा होता. त्याला मोबाइलचा पडदा काळा दिसतो, त्यामुळे तिथे त्याच्या लेखी चेहराच नसतो. छापलेला फोटोही त्याने घेतला नाही. पक्क्या मुखवट्यापुढे ते टिकेल की नाही देव जाणे, पण एका दिवसाच्या मजुरीसाठी आमच्याकडे कुणी मुखवटा करायला बसेल असं वाटत नाही.

मला खरं अडवलं ते एका मावशींच्या प्रश्नाने. "भाऊ, ह्यो फोटो खंय जातलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विक्रेता सांगत होता की सगळं कंपनीच्या सर्व्हरवर राहील, तुम्ही मोबाइलवर घरबसल्या हजेरी बघा. २०१९ मध्ये बोट-चेहरा ओळखून दारं उघडणाऱ्या बायोस्टार २ नावाच्या प्रणालीतली माणसांची बोटं आणि चेहरे इंटरनेटवर उघडे सापडले होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कुठून बदलायचं? म्हणून मी मशीनला इंटरनेट जोडलंच नाही. महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर तक्ता काढतो. मालकाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला (तो बहुतेक मशीनांवर सारखाच असतो, आणि बसवणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असतो). काम सोडून गेलेल्या बाईची नोंद त्याच आठवड्यात काढतो. घरबसल्या हजेरी दिसत नाही, आणि त्यावाचून आजवर काही अडलेलं नाही.

याच प्रश्नाने माझं पारडं आणखी एका बाजूला झुकवलं. आमच्या बायका गावातल्या बँक मित्राकडे बोट लावून पैसे काढतात. मशीनमध्ये ठशाचा फोटो नसतो, त्याचं गणित साठवलेलं असतं, हे खरं. तरी ज्या बोटावर बाईची बचत आहे ते बोट माझ्या भिंतीवरच्या डबीत कशाला? चेहरा तर ती बाजारात घेऊन फिरतेच. आता आधारची ओळख चेहऱ्यानेही पटवता येते, तेव्हा हा मुद्दा आणखी काही वर्षांनी इतकाच वजनदार राहील असं नाही. आधारचं बायोमेट्रिक बंद ठेवायची सोय आहे, ती मी सगळ्यांच्या मोबाइलवर करून द्यायला बसलो होतो. निम्म्याजणींनी "मगे रेशनच्या दुकानात काय करू?" म्हणून नको सांगितलं, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

डोळ्याच्या बुबुळाचं मशीन अचूकतेला उत्तम म्हणतात. आधारमध्ये दहा बोटांबरोबर दोन्ही बुबुळं घेतात, त्यामागे राबणाऱ्या हातांची ही गत हेही एक कारण आहे. पण चाळीस माणसांच्या कारखान्याला ते परवडणारं नाही. कार्डाचं म्हणाल तर एकीच्या पदराला चार कार्डं बांधलेली मी पाहिली आहेत.

वीज हा आमच्याकडचा वेगळा विषय. जून-जुलैत दिवसदिवस नसते. चेहऱ्याचं मशीन जास्त वीज खातं, त्याच्या आतली बॅटरी आमच्याकडे दुपार गाठत नाही. छोटा इन्व्हर्टर जोडावा लागला, तो खर्च आधीच धरा. आणि सुपरवायझरचा पासवर्ड अजूनही आहे, कारण मशीन कधीतरी अडणारच. फक्त आता हाताने घातलेल्या नोंदी मी महिन्याच्या तक्त्यात वेगळ्या छापून घेतो आणि भिंतीवर लावतो. गेल्या महिन्यात सहा होत्या.

जुनं मशीन ऑफिससाठी ठेवायचं ठरलं तेव्हा आतली बायकांची बोटं पुसायला माणूस बोलावला. तो म्हणाला, "राहू द्या हो, कोण बघतंय?" मी म्हटलं, पुस. दुपारच्या सुट्टीत सगळ्यांसमोर एकेक नाव काढलं. कटिंगच्या काकींचं नाव शेवटी राहिलं होतं. त्या पुढे आल्या, म्हणाल्या थांब, आणि हात पुसून एकदा बोट ठेवलं.

"थँक यू," मशीन म्हणालं.