हिमनदीवरचं रडार: सहा महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिल ते सप्टेंबर एकाच हिमनदीवर आम्ही बर्फाची जाडी मोजणारी दोन रडार ओढली. एक ४०० मेगाहर्ट्झचं, पेटीबंद अँटेनाचं, वरच्या हिमथरासाठी. दुसरं ५ मेगाहर्ट्झचं, तळाच्या खडकापर्यंत पोचण्यासाठी. या दुसऱ्याची अँटेना म्हणजे मधल्या पेटीच्या दोन्ही अंगांना दहा-दहा मीटरच्या तारा. ट्रान्समीटर पुढे, रिसीव्हर मागे, दोघांत चाळीस मीटर अंतर, आणि ओढायला आम्ही चौघं. घेण्याआधी मला कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय.

सगळ्यात मोठी गोष्ट: ही यंत्रं फक्त वेळ मोजतात. लहर निघाली, खाली कशावर तरी आपटून परत आली, मधे किती वेळ गेला, एवढंच त्यांना कळतं. स्क्रीनच्या कडेला जे मीटर दिसतात ते सॉफ्टवेअरने गृहीत धरलेल्या वेगातून येतात. घट्ट बर्फात रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात साधारण १६८ मीटर जाते, आणि आमच्या सॉफ्टवेअरने हाच वेग भुसभुशीत हिमालाही लावला होता. हवा भरलेल्या हिमात लहर बरीच जोरात पळते. एप्रिलमध्ये स्क्रीनवर हिमाचा थर बरोबर २ मीटर दिसत होता. शेजारी खड्डा खणून काठी लावली, तर पावणेतीन मीटर! खड्ड्याच्या भिंतीत नळी खुपसून नमुने काढले, वजन केलं, घनमीटरला सुमारे ३५० किलो भरले. त्या घनतेला वेग २३० च्या आसपास येतो. तो घातल्यावर रडार आणि काठी जुळली. त्यानंतर खड्डा खणल्याशिवाय आम्ही हिमाची जाडी लिहून ठेवली नाही. हा वेग कुठे बदलायचा ते माहितीपुस्तिकेत नव्हतं, आणि विक्रेत्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं. डोंगरावर असलेल्या माणसाला पाच आठवडे म्हणजे अर्धा हंगाम. याचा मला अजून राग आहे.

५ मेगाहर्ट्झच्या संचात आणखी एक खाच आहे. त्याचा रिसीव्हर हवेतून थेट आलेल्या लहरीने जागा होतो. चाळीस मीटर हवा कापायला लहरीला ०.१३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं. हा वेळ मिळवायचा राहिला तर तळ खऱ्यापेक्षा ११ मीटर उथळ दिसतो. आमच्या पहिल्या आठवड्याच्या सगळ्या रेषा, म्हणजे रडार ओढत घेतलेल्या नोंदी, अशा उथळ निघाल्या आणि एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या.

फ्रिक्वेन्सीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे इथेच वाया जातात. फ्रिक्वेन्सी जास्त तर चित्र बारीक, हे खरं आहे. म्हणून आम्ही १०० मेगाहर्ट्झची अँटेनाही उसनी नेली होती. पण आमच्या हिमनदीचा खालचा भाग वितळणबिंदूला टेकलेला, बर्फात पाण्याचे कप्पे. १०० मेगाहर्ट्झची बर्फातली तरंगलांबी पावणेदोन मीटरसुद्धा नाही, त्यामुळे लहर त्या कप्प्यांवर विखुरते. तीस मीटरच्या खाली स्क्रीनवर नुसती वाळू सांडल्यासारखे ठिपके होते. त्याच जागी ५ मेगाहर्ट्झचा संच लावला आणि १.९ मायक्रोसेकंदांवर तळाची रेघ उमटली. १६० मीटर! चौघंही लॅपटॉपभोवती गुडघे टेकून बसलो होतो. या फ्रिक्वेन्सीला तरंगलांबी ३४ मीटरच्या जवळ जाते, बारीकसारीक कप्पे तिच्या खिजगणतीत नसतात. मात्र तिच्याकडून आठ मीटरपेक्षा बारीक तपशील मागू नका.

१९६० च्या दशकात केंब्रिजच्या स्टॅन्ली इव्हान्स यांनी ३५ मेगाहर्ट्झचं रडार बनवलं, आणि पुढे त्याच घराण्यातल्या रडारनी विमानातून अंटार्क्टिकाचा कित्येक किलोमीटर जाड बर्फ मोजला. ते वाचून ३५ आपल्यालाही पुरेल असं मला वाटलं होतं. पण तिथला बर्फ थंड आणि कोरडा असतो, लहर त्यात फार कमी झिजते. तेव्हा यंत्राआधी आपल्या बर्फाचं तापमान बघा.

४०० वाल्याचं एक ऋण मात्र मान्य करायला हवं. मे महिन्यात सपाट दिसणाऱ्या हिमावर स्क्रीनवर अचानक एकात एक अडकलेल्या कमानी आल्या. थांबलो, लांब काठी खुपसली, तर हातभर हिमानंतर काठीला काहीच लागेना. खाली हिमभेग होती.

जुलैत पृष्ठभागावर पाणी वाहायला लागलं तेव्हा ४०० वालं जवळजवळ आंधळं झालं. ओल्या हिमात लहर वरच्या वरच विरते. बॅटऱ्या थंडीत निम्म्या वेळात बसतात, त्या अंगावरच्या कपड्यांत ठेवा. कनेक्टरमध्ये बर्फ धरतो, सुकं फडकं जवळ हवं.

आता जे अजून सुटलेलं नाही ते. दरीतल्या हिमनदीत लहर खाली जाते तशीच बाजूलाही पसरते, आणि जवळचा कडा तळाच्या आधी उत्तर देतो. जूनमध्ये काठाजवळच्या लांब रेषेत १०९ मीटरवर इतका ठसठशीत तळ आला की कुणालाच शंका आली नाही. मग आडवी रेषा ओढली, तर दोन्ही जिथे छेदतात तिथे हिचा तळ १३१ मीटरवर, आणि तोही पुसट. एकाच जागी बावीस मीटरचा फरक! ठसठशीत रेघ कड्याची असणार असं मला वाटतं, माझ्या जोडीदाराला वाटतं पुसट रेघ तळाच्या ओल्या गाळाची आहे. ओला तळ खरं तर ठळक उमटायला हवा. अंटार्क्टिकात वोस्तोक सरोवर बर्फाखाली चार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि रडारवर ते अशाच ठळक, सपाट रेघेने दिसलं होतं. म्हणून मी माझ्या मतावर ठाम आहे, पण नकाशात त्या छेदबिंदूवर आकडा टाकलेला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तिथे दहा-दहा मीटरवर पाच आडव्या रेषा ओढणार आहोत.